पायाचं थेरपी मशीन सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या हव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६८. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून सात आठवडे झाले. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी रोज चालू. ऑपरेशनच्या पायाला संध्याकाळी सूज येते आणि त्याच बाजूची मांडी बारीक झाली आहे. घरी दोन मशीन आणली आहेत. एक बुटासारखं पायात चढवायचं, हवा भरून पाय दाबणारं. दुसऱ्यावर तळवे टेकवायचे, ते विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू हलवतं. सुरू करण्याआधी काय खबरदारी घ्यायची आणि डॉक्टरांना काय विचारायचं?

दोन्ही मशीन योग्य पेशंटला उपयोगी पडतात. पण आईंच्या पायात आज ती चढवू नका. सात आठवड्यांपूर्वीचं मोठं ऑपरेशन, एकाच पायाची सूज आणि जुना मधुमेह या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मशीनआधी वेगळी तपासणी मागते. सूज कशाने आली आहे हे मशीनला कळत नाही. ते फक्त दाबतं किंवा करंट सोडतं. म्हणून कारण आधी शोधायला हवं.

पहिली शंका पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची घ्यायची. गुडघा बदलल्यावर काही महिने सूज राहणं, दिवसभर पाय खाली सोडून बसल्यावर ती वाढणं आणि रात्री पाय वर ठेवला की उतरणं हे नेहमीचं आहे. अडचण अशी की गुठळीची सूजही सुरुवातीला अशीच दिसते, आणि मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले बारा आठवडे गुठळीच्या दृष्टीने जोखमीचे धरले जातात. रक्त पातळ ठेवणारं औषध अशा ऑपरेशननंतर साधारण १० ते ३५ दिवस देतात. म्हणजे सातव्या आठवड्यात ते बहुधा बंद झालेलं असेल. डिस्चार्ज कार्ड काढून ती तारीख बघा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरी एक मोजमाप करता येतं. आईंना पाय सरळ करून पलंगावर झोपवा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून खाली १० सेंटिमीटर मोजून बॉलपेनने छोटी खूण करा आणि त्या खुणेवरून पोटरीचा घेर घ्या. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दुसऱ्या पायावरही तसंच मोजा. दोन पोटऱ्यांत ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल, पोटरीच्या आत दाबल्यावर दुखत असेल किंवा मांडीपासून घोट्यापर्यंत सगळा पाय सुजला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फरक कमी निघाला म्हणून गुठळी नाही असं मात्र समजू नका. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का हे बघायची जुनी पद्धत अजून बरेच जण वापरतात. ती भरवशाची नाही, तिच्यावर काही ठरवू नका.

खात्री होते ती शिरांच्या डॉप्लर सोनोग्राफीने. तपासणारे डॉक्टर प्रोब शिरेवर हलकेच दाबतात. मोकळी शीर दाबाखाली पूर्ण चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. डी-डायमर ही गुठळीच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी ऑपरेशननंतर कित्येक आठवडे वाढलेलीच येऊ शकते, त्यामुळे या टप्प्यावर तिचा वाढलेला आकडा फारसा काही सांगत नाही. थेट डॉप्लरबद्दल विचारा.

यावर बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो: हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर असेच हवेचे पट्टे पायाला बांधले होते, तेही गुठळी होऊ नये म्हणूनच, मग आता धोका कसला? गुठळी होऊ नये म्हणून मोकळ्या शिरा दाबणं वेगळं आणि झालेल्या ताज्या गुठळीवर दाब देणं वेगळं. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. ती सुटली तर हृदयामार्गे फुफ्फुसात जाऊन अडकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. जोरात मालीश करण्याबद्दलही हेच लागू आहे. गुठळी निघालीच तर औषध सुरू झाल्यानंतर दाब कधी आणि किती द्यायचा हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. मशीन तोवर कपाटात राहू द्या.

दुसरी तपासणी धमन्यांची. बारा वर्षांच्या मधुमेहात पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायाला वरून दाब दिला तर आधीच कमी मिळणारं रक्त आणखी अडतं आणि टाचेवर, घोट्यावर, बोटांच्या टोकांवर कातडी काळी पडू शकते. चालताना पोटरीत गोळा आल्यासारखं दुखणं आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटणं, रात्री पाऊल दुखलं की पाय पलंगाखाली लोंबकळत सोडल्याने आराम पडणं, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार असणं, नडगीवरची लव जाऊन कातडी चकचकीत होणं, छोटी जखम आठवडेच्या आठवडे न भरणं ही त्याची लक्षणं आहेत. आई सध्या फार चालत नसतील, त्यामुळे पहिलं लक्षण दिसणारच नाही. ते नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

डॉक्टर पायाच्या दोन जागी नाडी बघतात: पाऊलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत, आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे. नाडी नीट लागत नसेल तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ज्याला एबीआय म्हणतात. पेशंटला पाच-दहा मिनिटं आडवं पडून राहू देतात, दोन्ही दंडांचा वरचा दाब घेतात, मग हातात धरायच्या छोट्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ११२ आला तर गुणोत्तर ०.८. साधारण १.० ते १.४ नॉर्मल, ०.९ किंवा कमी म्हणजे धमन्यांचा आजार, आणि ०.५ च्या खाली असेल तर दाबाचं मशीन वापरायचं नाही, रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायचं. मधल्या आकड्यांत किती दाब चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचं आहे. मधुमेहात एक फसगत होते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, रक्तदाब मोजायचा पट्टा तिला दाबू शकत नाही आणि आकडा खोटाच जास्त येतो. १.४ च्या वर आकडा आला तर खूश होऊ नका. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

दुसऱ्या पायालाही सूज आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर पाणी साचलेलं आहे. दोन्ही पायांत खळगा राहत असेल तर कारण पायाच्या वर शोधावं लागतं: हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड किंवा औषधं. रक्तदाबाच्या गोळीचं नाव आम्लोडिपिन असेल तर घोट्यांची सूज तिच्यामुळेही येते. मधुमेहाची पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन, ऑपरेशननंतर घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, यांनीही पाणी साचतं. अशी सूज मशीनने तासाभरापुरती उतरते आणि परत येते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर ती बदलून देतात.

हृदयाबद्दल स्पष्ट विचारा. दोन्ही पाय मांडीपर्यंत दाबले की साचलेलं पाणी रक्तात परत ढकललं जातं आणि हृदयाला ते पेलावं लागतं. कमकुवत हृदयाला ते पेलवलं नाही तर फुफ्फुसात पाणी भरतं. उशा वाढवल्याशिवाय झोप न लागणं, रात्री धाप लागून उठून बसणं, दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढणं यातलं काहीही असेल तर आधी हृदयाची तपासणी, मगच मशीनचा विचार.

आता संवेदना. मला स्वतःला या सगळ्यांत याचीच जास्त काळजी वाटते, कारण सोनोग्राफीची आठवण कुणीतरी करून देतं, पण तळव्याला कळतं का हे क्वचितच कुणी विचारतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका, टोचणं, आवळणं काहीच कळत नाही. क्लिनिकमध्ये १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने ही तपासणी होते. तंतू कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबतात, पेशंटने डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं. घरी प्राथमिक अंदाज असा घ्या: आईंना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

तळव्याच्या मशीनवर नेमकं काय बिघडतं ते सांगतो. पेशंट पाय ठेवतो, काही जाणवत नाही. रिमोटवरचं अधिकचं बटण दाबत जातो. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असल्या की करंट नीट शिरत नाही, म्हणून आकडा आणखी वाढवतो. मग तळव्याचा एखादाच ओला किंवा पातळ कातडीचा भाग उरतो, सगळा करंट तिथूनच जायला लागतो आणि त्या ठिकाणी भाजतं. बधिर पायाला ते त्या वेळी कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून संवेदना कमी असेल तर हे मशीन घरी, आपल्या अंदाजाने वापरायचं नाही. संवेदना चांगली असली तरी पाय धुऊन, मशीनच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तळवा सारखा ओलसर करून, दोन्ही तळवे पूर्ण टेकवून मगच चालू करायचं, आणि आकडा शून्यापासून एकेक वाढवायचा. मशीनमध्ये गरम करण्याची सोय असेल तर ती आईंसाठी बंदच ठेवा, कोणत्याही परिस्थितीत.

मधुमेहातली आणखी एक अवस्था सहज चुकते. पाऊल किंवा घोटा लालसर, सुजलेला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला स्पष्ट गरम लागतो आणि दुखत मात्र फारसं नाही. घरचे लोक याला मुरगळ समजतात. पाऊलाची हाडं आतून ठिसूळ होऊन ढासळत असण्याची ती सुरुवात असू शकते. याला शार्को फूट म्हणतात. तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलं तपासा. फरक जाणवला तर त्या पायावर भार देणं थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. तिथे मशीन हाडांचं नुकसान वाढवू शकतं.

कातडीही उजेडात बघून घ्या: ऑपरेशनचा टाका कुठे ओलसर आहे का, खपली सुटायची राहिली आहे का, बोटांच्या बेचक्यांत चीर किंवा बुरशी आहे का, टाचेच्या मागे लाल डाग आहे का. पाय लाल, गरम आणि ताप असेल तर तो जंतुसंसर्ग आहे असं धरून आधी उपचार घ्यायचे. ऑपरेशनच्या गुडघ्यात असं काही झालं तर सर्जनला त्याच दिवशी कळवायचं, कारण कृत्रिम सांध्यापर्यंत पोचलेला संसर्ग काढणं फार कठीण जातं.

विजेच्या मशीनबद्दल आणखी काही. पेसमेकर किंवा हृदयाला शॉक देणारं उपकरण बसवलेल्या व्यक्तीने हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय ते वापरू नये. गर्भवतीने वापरू नये. फिट्स येणाऱ्यांनी आणि कॅन्सरचा उपचार चालू असलेल्यांनी आधी विचारावं. आईंना यातलं काही नसेलही, पण असं मशीन दिवाणखान्यात पडून राहतं आणि घरातले सगळे त्यावर पाय ठेवून बघतात. त्यामुळे ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

गुडघ्यातल्या धातूमुळे स्नायू हलवणारा हा कमी वारंवारितेचा करंट आपोआप निषिद्ध ठरत नाही, क्लिनिकमध्ये अशा गुडघ्यांवर तो देतातही. तरी तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत धातूबद्दल काय लिहिलं आहे ते बघा आणि सर्जनची संमती घ्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी हे खोलवर उष्णता देणारं मशीन वेगळं. धातू बसवलेल्या जागी ते चालत नाही. लोक दोन्हींना ‘करंटचं मशीन’ म्हणतात आणि घोळ होतो. म्हणून विचारताना मशीनचं पूर्ण नाव सांगा, जमल्यास पुस्तिकाच दाखवा.

एक गोष्ट खर्च झाल्यानंतर सांगतोय, पण सांगायला हवी. तळव्याच्या मशीनने मुख्यतः पाऊल आणि पोटरीचे स्नायू हलतात. आईंची बारीक झालेली मांडी त्याने भरणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा मोठा स्नायू झोपी जातो. त्यासाठी पॅड मांडीवरच लावावे लागतात: एक वर बाहेरच्या बाजूला, एक वाटीच्या थोडं वर आतल्या बाजूला. साधारण ३५ ते ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके झटके), १० सेकंद आकुंचन, ३० ते ५० सेकंद विश्रांती, अशी दहा-पंधरा आकुंचनं, आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर पेशंटने स्वतःही स्नायू घट्ट करायचा. हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पॅडची जेल वाळून कडा उचलल्या की करंट उरलेल्या जागेत एकवटतो आणि टोचायला लागतं, म्हणजे पॅड बदलायची वेळ झाली. पॅडखालचे केस कात्रीने कापा, रेझर फिरवू नका. रेझरच्या बारीक ओरखड्यांतून करंट चावतो. आणि मशीन असो वा नसो, पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज हवाच.

सगळं तपासून परवानगी मिळाली, तर हवेच्या बुटासाठी डॉक्टरांकडून आकडे लिहून घ्या: कोणता पाय, किती मिलिमीटर दाब (रक्तदाब मोजतात तेच पाऱ्याचे मिलिमीटर), किती मिनिटं, दिवसातून किती वेळा, किती आठवडे. ‘लेव्हल दोन’ या शब्दाला अर्थ नाही, कारण प्रत्येक मशीनची लेव्हल वेगळी असते. सुरुवात ३० मिलिमीटरच्या आसपास आणि १५-२० मिनिटांनी करणं बऱ्याचदा सोयीचं असतं. मशीनवर दाब मिलिमीटरमध्ये दाखवलाच जात नसेल तर मधुमेही पायाला ते लावायला मी सांगणार नाही.

पहिल्या वेळी आधी लघवीला जाऊन यायला सांगा, कारण पाणी रक्तात परतलं की थोड्या वेळात लघवी लागते आणि घाईत उठताना पडण्याची भीती असते. आतून सुती पायमोजा, त्याला घडी नको. बुटात हवा भरलेली नसताना दोन बोटं आत जातील इतकाच सैल बांधा. बुटाची वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गाठीवर येऊ देऊ नका. त्या गाठीला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, अगदी कातडीखाली. ती दबली तर पाऊलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात आणि पाऊल लटकं पडू शकतं. बंद करायचं बटण आईंच्या हातात असू द्या. मशीन चालू असताना झोपायचं नाही.

पाच मिनिटांनी थांबवून बूट काढा. बोटं निळसर किंवा पांढरी नाहीत ना बघा. अंगठ्याचं टोक दाबून सोडल्यावर गुलाबी रंग तीन सेकंदांत परत यायला हवा. सगळं ठीक असेल तर उरलेला वेळ पूर्ण करा. संपल्यावर कातडीवर राहिलेला लाल पट्टा अर्ध्या तासात गेला नाही, तर दाब जास्त झाला आहे किंवा कड चुकीच्या जागी आहे. उठायच्या आधी काही मिनिटं पलंगाच्या कडेला बसवून ठेवा.

हे लिहिलं ते बुटाबद्दल आणि करंटबद्दल. पॅडल फिरवणारं मशीन किंवा गुडघा आपोआप वाकवणारं मशीन कुणी सुचवलं तर सर्जनने किती अंशांपर्यंत वाकवायला सांगितलं आहे ते विचारा, आणि मशीनचा सांधा गुडघ्याच्या सांध्यासमोरच येतो ना हे बघा. थरथरणाऱ्या प्लेटवर इतक्यात उभं करू नका.

वापर सुरू झाला की पोटरीचा तोच घेर रोज सकाळी, उठण्याआधी, त्याच खुणेवर मोजून तारखेसह वहीत लिहा. शेजारी वजन लिहा. घेर आदल्या दिवसांपेक्षा अचानक वाढला, पोटरीत नवं दुखणं सुरू झालं, पाऊल उचलता येईना किंवा दाबल्यावर वेदना वाढतच गेली, तर मशीन बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त किंवा भोवळ आली तर पाय चोळू नका, चालवू नका, आडवं ठेवून किंवा धाप लागत असल्यास टेकून बसवून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, आणि ऑपरेशन सात आठवड्यांपूर्वी झालं आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.